पेटंट संपले, गोळी स्वस्त झाली

२०२५ च्या मार्च महिन्यानंतर मधुमेही रुग्णांकडून एक प्रश्न वारंवार येऊ लागला. 'डॉक्टर, साठ रुपयांना मिळणारी गोळी एकाएकी दहा रुपयांच्या आत आली. माल बनावट तर नसेल ना?' काहींनी तर स्वस्त गोळी परत केली आणि दुकानदाराकडे आधीचीच महागडी मागितली. महाग ते चांगले ही समजूत आपल्याकडे भाजीपासून डॉक्टरांच्या फीपर्यंत सगळीकडे आहे. औषधे तरी तिला अपवाद कशी असतील? प्रत्येकाला तोंडी उत्तर देऊन हा विषय संपण्यासारखा नाही, म्हणून आजचा लेख त्यावर.

ती गोळी म्हणजे एम्पाग्लिफ्लोझिन. रक्तातील जादा साखर मूत्रपिंडांवाटे लघवीतून बाहेर टाकायला ती मदत करते. हृदय कमकुवत झालेल्या आणि मूत्रपिंडे बिघडू लागलेल्या रुग्णांनाही तिचा फायदा होतो, हे गेल्या दहा वर्षांत सिद्ध झाले आहे. म्हणजे ज्याला शुगरही आहे आणि हृदयविकारही आहे, त्याच्यासाठी ही गोळी चैनीची वस्तू नव्हे. पण नुसत्या एका गोळीपायी महिन्याला अठराशे रुपये किती घरांना परवडणार? ११ मार्च २०२५ रोजी तिचे भारतातील पेटंट संपले आणि काही दिवसांतच अनेक भारतीय कंपन्यांनी तेच औषध आपापल्या नावाने बाजारात आणले. औषध तेच, मात्रा तीच. ते बनवण्याचा हक्क आधी एकट्याचा होता, तो सर्वांना खुला झाला, एवढाच फरक.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त एसटी चालक ही गोळी दोन वर्षे घेत होते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा त्यांचा आकडा एकाएकी वर चढू लागला. पथ्य नीट, चालणे नीट, मग चढतोय कशाने? खोदून विचारले तेव्हा खाली बघत म्हणाले, 'एक दिवसाआड घेतो, डॉक्टरसाहेब. पेन्शन ती केवढी, त्यात हिची औषधं वेगळी.' मी म्हटले, 'मामा, मला सांगायचं तरी!' तर म्हणाले, 'तुम्ही चिडाल म्हणून नाही बोललो.' केसपेपरवर आम्ही वजन लिहितो, बीपी लिहितो, साखर लिहितो. गोळी परवडते का, याला तिथे रकाना नसतो. आणि असे 'एक दिवसाआड'वाले रुग्ण माझ्या अंदाजाने प्रत्येक दवाखान्यात आहेत. म्हणूनच पेटंट हा विषय वकिलांवर आणि व्यापारमंत्र्यांवर सोडून चालत नाही, असे मला वाटते.

आता पेटंट म्हणजे काय ते पाहू. मराठीत हा शब्द आपण फार सैल वापरतो. 'त्याचा पेटंट विनोद', 'वहिनींची पेटंट आमटी' असे म्हणतो. जुन्या पिढीत दुकानातून आणलेल्या तयार औषधाला 'पेटंट औषध' म्हणत; वैद्यांचा काढा किंवा कंपाउंडरने बाटलीला कागदाची पट्टी लावून दिलेले मिक्श्चर ते वेगळे. आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवर 'पेटंट अँड प्रोप्रायटरी' असे छापलेले आढळले, तरी त्याचा खऱ्या पेटंटशी काडीचा संबंध असेलच असे नाही. औषध कायद्यातील तो एक जुना शब्दप्रयोग आहे.

खरे पेटंट हा एक सौदा आहे. संशोधक नवी गोष्ट शोधतो आणि ती कशी बनवायची हे सरकारदरबारी लिहून सर्वांसाठी उघड करतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही 'उघडे असणे' असाच आहे. त्या बदल्यात समाज त्याला ठरावीक मुदतीपुरता एकाधिकार देतो. तोवर ती वस्तू दुसऱ्या कुणी त्याच्या परवानगीविना बनवायची नाही, विकायची नाही, आयात करायची नाही. ही मुदत सध्या अर्ज केल्याच्या तारखेपासून वीस वर्षे आहे. मुदत संपली की ते ज्ञान सर्वांचे. म्हणजे यात दोन बाजू आहेत: संशोधकाला मोबदला आणि समाजाला ज्ञान. व्यवहारात बोलबाला पहिल्या बाजूचाच होतो, कारण तिच्याकडे वकील लावायला पैसा असतो.

पेटंटाचे दोन प्रकार समजून घेतले की पुढची सगळी भांडणे कळतात. लोण्याचे उदाहरण घेऊ. समजा, लोणी हा पदार्थ आजच कुणीतरी शोधून काढला. दही विरजून ते रवीने घुसळायचे आणि लोणी काढायचे, या रीतीवर त्याला हक्क मिळाला. मग शेजारीण साईपासून मिक्सरमध्ये लोणी काढून खुशाल विकू शकते, कारण तिची रीत वेगळी. हे प्रक्रियेचे पेटंट. पण हक्क खुद्द लोण्यावरच मिळाला, तर ते कुठल्याही रीतीने काढा, तुम्ही चोर ठरता. हे वस्तूचे पेटंट. औषधांच्या बाबतीत या दोहोंतला फरक म्हणजे कित्येकांच्या जगण्या-मरण्यातला फरक ठरला आहे.

इंग्रजांनी १९११ साली केलेल्या कायद्यात औषधांवरही वस्तूचे पेटंट मिळत असे. स्वातंत्र्यानंतरही तोच कायदा चालू राहिला. औषधे परदेशी कंपन्यांची, पेटंटे त्यांची आणि किमतीही त्यांच्या. १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या सिनेटमधील केफॉव्हर समितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली. काही प्रतिजैविकांच्या बाबतीत भारतातील किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींपैकी आहेत, असे तिला आढळून आले. गरीब देश आणि सर्वांत महाग औषधे! जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला, तो याच काळात. तेव्हा पेनिसिलीन देशात बनणे ही केवढी गोष्ट होती, हे आज सांगूनही पटणार नाही. पण एका कारखान्याने कायदा बदलत नाही. त्यासाठी न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीचा १९५९ चा अहवाल आणि त्यानंतर आणखी तेरा वर्षे लागली. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला.

या कायद्याने अन्न आणि औषध यांच्यावरील वस्तूचे पेटंट रद्द केले. राहिले ते प्रक्रियेचे, तेही फार तर सात वर्षांचे. झाले! आपल्या रसायनतज्ज्ञांनी लोणी काढण्याच्या नव्या रीती शोधण्याचा सपाटा लावला. मुंबई, हैदराबाद, अहमदाबाद येथील औषध कारखाने वाढले ते यातूनच. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना बाजारात जी औषधे चार-आठ आण्यांना मिळत, त्यामागे हा कायदा आहे हे आम्हा विद्यार्थ्यांना कुणी सांगितले नव्हते. औषधशास्त्राच्या पुस्तकात औषधाचे काम, मात्रा, दुष्परिणाम सगळे असते. ते स्वस्त का आहे, हे नसते.

मग आला डंकेल प्रस्ताव. ज्यांनी त्या वेळची वर्तमानपत्रे वाचली आहेत त्यांना हे नाव आठवत असेल. गॅट या व्यापारविषयक संस्थेचे प्रमुख आर्थर डंकेल यांनी डिसेंबर १९९१ मध्ये मसुदा मांडला आणि आपल्याकडे गावोगाव सभा झाल्या. बियाणे जाणार, कडुनिंब जाणार, औषधे महागणार, अशी भीती होती. त्यातली काही भीती फुगवलेली होती, औषधांची मात्र नव्हती. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि बौद्धिक संपदेचा करार सदस्य देशांना बंधनकारक झाला. भारताला औषधांसाठी दहा वर्षांची सवलत मिळाली. ती संपल्यावर १ जानेवारी २००५ पासून आपल्याकडे पुन्हा औषधांवर वस्तूचे पेटंट मिळू लागले.

हळदीची गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यातच. जखम भरण्यासाठी हळदीचा वापर, यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, जुन्या ग्रंथांचे आणि नियतकालिकांचे पुरावे देऊन ते १९९७ मध्ये रद्द करून घेतले. परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. घरोघरी आजीला ठाऊक असलेली गोष्ट परक्या दरबारात सिद्ध करायला कागद लागतो, हा त्यातला धडा. पण हळदीचे पेटंट राहिले असते तरी आपल्या स्वयंपाकघरातली हळद कुणी उचलून नेली नसती. औषधांच्या गोष्टी मात्र थेट माणसांच्या जिवाशी भिडल्या.

त्यातली पहिली एचआयव्हीची. मी दवाखाना सुरू केला त्या काळात असा रिपोर्ट हाती आला की काय बोलावे कळत नसे. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देऊन रुग्ण वर्षानुवर्षे जगू शकतो, हे जगाला कळले होते. पण त्याचा एका वर्षाचा खर्च दहा हजार डॉलर आणि त्याहूनही अधिक होता. ट्रकवर जाणारा नवरा, पदरात लहान मूल असलेली बायको, दोघांचेही रिपोर्ट समोर. आणि औषध आहे पण तुमच्यासाठी नाही, हे सांगणारे आम्ही. त्या काळच्या अशा काही जोडप्यांचे चेहरे मला आजही आठवतात. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी हीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये एका सेवाभावी वैद्यकीय संघटनेला देऊ केली. म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी. जग हादरले. आपल्याकडे वस्तूचे पेटंट नव्हते म्हणूनच हे शक्य झाले. आणखी एक गंमत अशी की, ती तीन औषधे तीन वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांच्या मालकीची होती. त्या तिघांना एका गोळीत आणणे परदेशात अवघड होते. आपल्याकडे तशी गोळी बनली, आणि सकाळ-संध्याकाळ एक गोळी घेणे आफ्रिकेतल्या खेड्यातल्या बाईलाही जमू लागले.

त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने स्वस्त औषधे आणता यावीत म्हणून १९९७ मध्ये केलेल्या कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्या कोर्टात गेल्या होत्या. जगभर एवढी छी-थू झाली की एप्रिल २००१ मध्ये त्यांनी खटला मागे घेतला. नोव्हेंबर २००१ मध्ये दोहा येथे व्यापार संघटनेच्या सर्व सदस्य देशांनी जाहीर केले की, हा करार कुठल्याही देशाला सार्वजनिक आरोग्याचे रक्षण करण्यापासून अडवू शकत नाही. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतून एचआयव्हीची औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. आज माझ्याकडे एचआयव्हीचा रुग्ण येतो तो सर्दी-खोकल्यासाठी किंवा गुडघेदुखीसाठी. वीस वर्षांत हा एवढा फरक पडला आहे.

२००५ चा कायदा करताना संसदेने एक शहाणपणाची मेख मारून ठेवली. डाव्या पक्षांचा त्यासाठी आग्रह होता. कलम ३(ड) सांगते की, माहीत असलेल्या औषधाचे नुसते नवे रूप पेटंटाला पात्र नाही. त्याची परिणामकारकता लक्षणीय वाढलेली असली पाहिजे. हे कलम का लागले? तर वीस वर्षे संपत आली की कंपन्या त्याच औषधाचा नवा क्षार, नवे स्फटिक, नवी मात्रा दाखवून पुन्हा वीस वर्षे मागतात. जुन्याच बैलाची शिंगे रंगवून तो नवा म्हणून बाजारात उभा करावा, तसा हा प्रकार.

या कलमाची परीक्षा झाली ती ग्लिव्हेकवर. इमॅटिनिब हे त्यातले औषध. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात त्याने खरोखर चमत्कार घडवला. जो आजार काही वर्षांत माणसाला संपवत असे, तो रोज गोळी घेऊन आटोक्यात राहू लागला. नोव्हार्टिस कंपनीचे हे संशोधन कौतुकास्पद होते, यात शंका नाही. पण महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत. कंपनी हजारो रुग्णांना आपले औषध फुकटही देत असे, हे सांगितले पाहिजे. पण दान आणि हक्क यांत फरक असतो. कंपनीने या औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी भारतात पेटंट मागितले. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या रुग्णांच्या संस्थेने हरकत घेतली आणि चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

कंपनीचे म्हणणे असे की, नव्या स्फटिकामुळे औषध शरीरात तीस टक्के अधिक शोषले जाते. आता हे डॉक्टरच्या नजरेने पाहू. पोटात गेलेल्या गोळीतले किती औषध रक्तात पोहोचते, याला शोषण म्हणा. ते वाढले म्हणून रोगी अधिक बरा होतोच असे नाही. फार तर मात्रा कमी लागेल. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने नेमके हेच धरले. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातील परिणामकारकता, आणि तिचा पुरावा कंपनीने दिलेला नाही. अर्ज फेटाळला गेला.

दुसरे हत्यार सक्तीच्या परवान्याचे. पेटंट मिळून तीन वर्षे झाली आणि तरी औषध लोकांना पुरेसे मिळत नसेल, परवडत नसेल किंवा ते पेटंट देशात वापरात आणले जात नसेल, तर सरकार दुसऱ्या कंपनीला ते बनवू देऊ शकते. मालकाला रॉयल्टी मिळते, फक्त नकाराचा हक्क उरत नाही. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या वाढलेल्या कर्करोगावरील नेक्साव्हर या बायर कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता. गरजूंपैकी जेमतेम दोन टक्के रुग्णांपर्यंत ते पोहोचत होते. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला परवाना दिला. अट अशी की महिन्याचे औषध ८,८८० रुपयांत विकायचे आणि सहा टक्के रॉयल्टी द्यायची. पुढे रॉयल्टी सात टक्के झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय उचलून धरला. आकडे पुन्हा वाचा: दोन लाख ऐंशी हजारांचे आठ हजार आठशे ऐंशी! मात्र भारताने औषधासाठी आजवर दिलेला असा हा एकमेव परवाना आहे. हत्यार आहे, पण ते म्यानातच अधिक असते. परदेशांचे दडपण हे त्याचे एक कारण, हे उघड गुपित आहे.

आता क्षयाबद्दल, कारण तो आपल्या जिल्ह्यातला रोजचा आजार आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात पूर्वी कित्येक महिने रोज इंजेक्शन द्यावे लागे. त्याने रोग हटायचा, पण काहींचे कान कायमचे जायचे. चाळीसहून अधिक वर्षांनंतर बेडाक्विलिन हे नवे, पोटात घेण्याचे औषध २०१२ मध्ये आले. त्याचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत होते. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने त्याच्याच एका क्षारासाठी २०२७ पर्यंत हक्क मागितला. त्याला हरकत घेणाऱ्या दोन तरुणी होत्या, मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघी क्षयातून वाचलेल्या, आणि दोघींचीही श्रवणशक्ती क्षयाच्या औषधांनी गेलेली. २०१९ मध्ये त्यांनी हरकत नोंदवली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी जागतिक खरेदीतील या औषधाची किंमत निम्म्याहून खाली आली. आपल्याकडे हे औषध सरकारी कार्यक्रमातून रुग्णाला मोफत मिळते. पण सरकारच्या तिजोरीतून पैसे कमी गेले तर तेवढ्यात अधिक रुग्ण बसतात, हे वेगळे सांगायला नको.

अशी हरकत घ्यायला कायद्याने कुणालाही मुभा आहे; वकील हवा, कंपनी हवी असे नाही. मार्च २०२४ मध्ये मात्र नियम बदलले. आता हरकतीसाठी फी भरावी लागते आणि ती ऐकण्याजोगी आहे की नाही हे अधिकारी आधी ठरवतो. मालकाने पेटंटाचा देशात काय वापर केला याचे विवरण दरवर्षी द्यावे लागे, ते आता तीन वर्षांतून एकदा दिले की पुरते. नेक्साव्हरच्या प्रकरणात कंपनीच्या याच विवरणांतील आकडे कामी आले होते. वर्तमानपत्रांत या बदलांची बातमी आतल्या पानावर कुठेतरी आली असेल. मला ती पहिल्या पानाची वाटली.

संशोधकांची बाजू मी नाकारत नाही. एक औषध यशस्वी होते तेव्हा त्यामागे कित्येक फसलेली असतात, आणि तो खर्च कुणीतरी भरायचा असतो. पेटंट मुळीच नको म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण पेटंट असले की संशोधन होतेच, हेही खरे नाही. क्षयाला चाळीस वर्षे नवे औषध मिळाले नाही ते पेटंट मिळत नव्हते म्हणून नव्हे, तर क्षयाचा रोगी गरीब असतो म्हणून. आणि सगळे संशोधक पैशासाठीच काम करतात असेही नाही. टोरांटोमध्ये इन्सुलिन शोधणाऱ्यांनी १९२३ मध्ये आपले पेटंटहक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले होते.

आता पुन्हा 'माल बनावट तर नसेल ना' या प्रश्नाकडे. स्वस्त म्हणून बनावट नव्हे, हे एव्हाना ध्यानात आले असेल. पण दर्जाची शंका अगदीच निराधार नाही. खोकल्याच्या औषधातील विषारी द्रवामुळे २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडे बालके दगावली. तो तपासणी यंत्रणेचा गुन्हेगारी हलगर्जीपणा होता, त्याचा पेटंटाशी संबंध नाही. म्हणून औषध परवानाधारक दुकानातूनच घ्या, बिल मागा, आणि गट क्रमांक व मुदत पाहा.

शिवाय एक मोठा गैरसमज. महाग गोळी दिसली की हल्ली लोक म्हणतात, पेटंट असणार. वास्तविक मेटफॉर्मिन, अम्लोडिपिन, अटॉर्वास्टॅटिन ही आपल्या चिठ्ठीवरची रोजची औषधे केव्हाच पेटंटमुक्त झाली आहेत. तरी एका नावाची गोळी दोन रुपयांना आणि दुसऱ्या नावाची आठ रुपयांना असते. हा फरक पेटंटाचा नव्हे, छापील नावाचा आणि जाहिरातीचा आहे. आणि त्यात आम्हा डॉक्टरांचाही हात आहे, कारण ते नाव चिठ्ठीवर आम्हीच लिहितो. सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या गोळीचे पेटंट २०२२ मध्ये संपले. त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत तिची पन्नास मिलिग्रॅमची दहा गोळ्यांची पट्टी साठ रुपयांना आली. पट्टीवर मोठ्या अक्षरांत कंपनीचे नाव असते, त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव. ते बारीक नाव वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, 'यातलं स्वस्त कुठलं चालेल?' विचारण्यात कमीपणा नाही. फक्त फिट्स, थायरॉईड आणि रक्त पातळ करण्याच्या औषधांत कंपनी बदलायची असेल तर डॉक्टरांना सांगूनच बदला.

आणि जे कुणी गोळी एक दिवसाआड किंवा अर्धी करून घेत होते आणि आता स्वस्त झाली म्हणून पूर्ण सुरू करणार आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. मधल्या काळात साखर वाढलेली पाहून दुसऱ्या गोळीची किंवा इन्सुलिनची मात्रा वाढवलेली असू शकते. त्यावर ही गोळी पूर्ण चालू केली तर साखर एकदम उतरेल. घाम, थरथर, भोवळ अशी लक्षणे दिसतील. तसे झाल्यास लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी पाणी पुरेसे प्यावे, लघवीच्या जागी खाज वा जळजळ सुरू झाल्यास अंगावर काढू नये, आणि उलट्या-जुलाब होत असतील किंवा कडक उपास असेल त्या दिवशी ही गोळी घ्यावी की नाही, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावे.